शेताला मालक असतो, वाटेला नसतो

इंग्रजी साहित्याच्या तासाला आपण इंग्लंडचा निसर्ग पुष्कळ वाचतो. हिरवी कुरणे, दगडी कुंपणे, संथ ओढे, चरणाऱ्या मेंढ्या आणि लांबून दिसणारा चर्चचा मनोरा हे चित्र आपल्या डोळ्यांसमोर इतके पक्के बसले आहे की, प्रत्यक्ष इंग्लंड न पाहताही ते आपल्याला ओळखीचे वाटते. या चित्रातून कोणीतरी नेहमी पायी चाललेले असते. कधी तो कवी असतो, कधी कादंबरीतली नायिका. परंतु तो किंवा ती ज्या वाटेवरून चालली आहे ती वाट कोणाची, हा प्रश्न आपण विचारीत नाही. शेत तर दुसऱ्याचे असते. मग त्या शेतातून परक्या माणसाने खुशाल चालत जावे, हे कसे?

मला हा प्रश्न त्या निसर्गवर्णनाइतकाच, किंबहुना त्याहूनही अधिक महत्त्वाचा वाटतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, इंग्लंडच्या ग्रामीण भागातील पायवाटा ही निसर्गाची देणगी नाही आणि जमीनदारांची मेहेरबानीही नाही. तो सामान्य माणसाचा हक्क आहे. तो सामान्य माणसाने पायांनी मिळवला आणि कागदावर टिकवला. हे लक्षात न घेता केवळ सौंदर्य पाहणे म्हणजे देऊळ पाहून पाथरवटाला विसरण्यासारखे आहे.

उदाहरण म्हणून एकच गाव घेतो. मी इंग्लंडला गेलेलो नाही. परंतु नकाशा आणि इतिहास वाचता येण्यासाठी बोटीने किंवा विमानाने जावे लागत नाही. ग्लॉस्टरशायर परगण्यात, कॉट्सवोल्ड नावाच्या डोंगराळ भागाच्या उत्तर टोकाला चिपिंग कॅम्पडन हे बाजाराचे गाव आहे. ‘चिपिंग’ या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी ‘बाजार’ असा. मध्ययुगात हे गाव लोकरीच्या व्यापारावर श्रीमंत झाले. विल्यम ग्रेव्हेल या लोकरीच्या व्यापाऱ्याचे चौदाव्या शतकातले घर आजही हमरस्त्यावर उभे आहे. गावचे भव्य चर्च लोकरीच्याच पैशावर वाढले. रस्त्याच्या मध्यावर चारी बाजूंनी कमानी असलेला उघडा बाजारमंडप आहे. तो सर बॅप्टिस्ट हिक्स याने १६२७ मध्ये बांधून दिला. आजूबाजूच्या खेड्यांतून लोणी, चीज आणि कोंबड्या विकायला येणाऱ्यांना ऊन-पावसात आडोसा व्हावा, हा त्यामागचा हेतू.

आता नकाशा पाहावा. या बाजारमंडपाभोवती चारी दिशांना पायवाटांचे जाळे पसरलेले दिसते. ब्रॉड कॅम्पडन, ब्लॉकली, एब्रिंग्टन, मिकलटन, वेस्टन सबएज अशी आसपासची गावे एकमेकांना आणि कॅम्पडनला या वाटांनी जोडलेली आहेत. हे जाळे कोणी आराखडा काढून विणलेले नाही. बाजाराला येणारा शेतकरी, मेंढ्या हाकणारा धनगर, चर्चला जाणारे कुटुंब, ब्लॉकलीच्या रेशीम गिरण्यांतले कामगार अशांच्या रोजच्या जाण्या-येण्याने असल्या वाटा मळत गेल्या. आज या वाटांवर हौशी पदयात्री दिसतात म्हणून त्या हौसेसाठी झाल्या असे कोणी समजू नये. त्या पोटासाठी झाल्या.

या वाटांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ‘कॉट्सवोल्ड वे’. बाजारमंडपापासून निघून ती दक्षिणेला बाथ शहरापर्यंत १०२ मैल, म्हणजे सुमारे १६४ किलोमीटर जाते. तिची कल्पना प्रथम टोनी ड्रेक यांच्यासारख्या स्थानिक पदयात्रींनी मांडली, १९७० मध्ये परगण्याच्या कौन्सिलने ती जाहीर केली आणि २००७ मध्ये तिला राष्ट्रीय पदमार्गाचा दर्जा मिळाला. महत्त्वाची गोष्ट अशी की, ही लांब वाट बहुतांशी नव्याने खणलेली नाही. आधीच अस्तित्वात असलेल्या लहान लहान गाववाटा एकापुढे एक जोडून ती तयार झाली आहे.

गावातून निघाल्यावर सुमारे मैलभराने चढ संपतो आणि डोव्हर्स हिल ही टेकडी लागते. खाली ईव्हशॅमचे सपाट खोरे आणि हवा स्वच्छ असेल तर लांबवर मॅल्व्हर्नचे डोंगर दिसतात. पुढे वाट ब्रॉडवे टॉवरकडे जाते. ३१२ मीटर उंचीच्या टेकडीवरचा हा मनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीस केवळ शोभेसाठी बांधला गेला. तेथून ती ब्रॉडवे गावात उतरते. वर्णनाची हौस असणाऱ्याने येथे दोन पाने लिहावीत. मला मात्र डोव्हर्स हिलवरच थांबावेसे वाटते, कारण या टेकडीने आपल्या विषयाची दुसरी, अप्रिय बाजू पाहिलेली आहे.

१६१२ च्या सुमारास रॉबर्ट डोव्हर नावाच्या वकिलाने येथे खेळांची जत्रा भरवायला सुरुवात केली. कुस्त्या, शर्यती, घोडदौड आणि एकमेकांच्या नडग्यांवर लाथा मारण्याचा एक विचित्र खेळ असे त्याचे स्वरूप होते. मध्यंतरी यादवी युद्धाच्या काळात ही जत्रा बंद पडली, तरी पुन्हा सुरू होऊन ती १८५२ पर्यंत चालली. त्या वर्षी ती थांबली. गर्दीत दंगामस्ती फार होते अशी तक्रार होतीच. पण त्याबरोबरच ज्या मोकळ्या जमिनीवर लोक जमत, तिची वाटणी होऊन तिला कुंपण पडले. जत्रेला पाय टेकायला जागाच उरली नाही. शंभर वर्षांनी, १९५१ मध्ये, हे खेळ पुन्हा सुरू झाले आणि आजही भरतात. ही टेकडीसुद्धा १९२० च्या दशकात विक्रीला निघाली होती. तेथे हॉटेल होण्याची भीती होती. कॅम्पडनमध्ये स्थायिक झालेले चित्रकार एफ. एल. ग्रिग्ज यांनी खटपट केली म्हणून ती नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आली आणि सर्वांना खुली राहिली.

कुंपणाची ही गोष्ट एकट्या डोव्हर्स हिलची नाही. सतराव्या शतकाच्या प्रारंभापासून विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत इंग्लंडच्या पार्लमेंटने अशा वाटणीचे पाच हजारांहून अधिक कायदे केले. देशाच्या एकूण क्षेत्रफळाचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे अडुसष्ट लाख एकर जमीन, त्यांच्याखाली आली. गरिबाची गाय जेथे चरत होती, जेथून तो सरपण आणत होता, ती गायराने खासगी झाली. वाटणी करणारे अधिकारी नकाशावर रेघा ओढीत. काही जुन्या वाटा ठेवीत, काही पुसून टाकीत. भरीस भर म्हणून १८१५ च्या एका कायद्याने दोन मॅजिस्ट्रेटांना एखादी वाट ‘अनावश्यक’ ठरवून बंद करण्याची मुभा दिली. आता त्या काळी मॅजिस्ट्रेट कोण असत? बहुधा जमीनदारच. म्हणजे कुंपण घालणारा आणि कुंपण योग्य ठरवणारा एकाच पंगतीतले.

म्हणूनच मी म्हणतो की, आज आपल्याला सुंदर वाटणारी इंग्लंडमधली पायवाट हा एक उरलेला हक्क आहे. भाकरी गेली आणि पदरात तुकडा राहिला, असा तो प्रकार आहे. शेत गेले, गायरान गेले. शेताच्या मधून जाणारी दीड हात रुंदीची रेघ राहिली. पण त्या रेघेसाठी लोक भांडले हे विशेष. मँचेस्टरमध्ये १८२६ मध्येच जुन्या पायवाटांच्या रक्षणासाठी संस्था निघाली. १८६५ मध्ये लंडनच्या परिसरातील गायराने वाचवण्यासाठी दुसरी निघाली. आणि २४ एप्रिल १९३२ रोजी, कॅम्पडनच्या बरेच उत्तरेला असलेल्या किंडर स्काउट नावाच्या डोंगरपठारावर शेकडो कामगार तरुण मालकांची बंदी मोडून चालत गेले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा वीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्याच वयाचा. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. त्या चालल्याबद्दल नव्हत्या. आरोप दंगा माजवल्याचा होता. असो. सत्तेची ही रीत जगभर सारखीच.

त्याच १९३२ साली, या प्रकरणाशी थेट संबंध नसलेला, पायवाटांच्या हक्काचा एक कायदा पार्लमेंटने केला. आज तो नियम १९८० च्या महामार्ग कायद्यात आहे. एखाद्या वाटेवरून लोक वीस वर्षे अखंड गेले असतील, तर ती वाट मालकाने जनतेला अर्पण केली असे धरले जाते. अट एवढीच की, लोक उघडपणे गेले पाहिजेत, बळजबरीने नव्हे आणि परवानगी मागूनही नव्हे. ही शेवटची अट मी दोनतीनदा वाचली. परवानगी घेऊन चालणाऱ्याला हक्क मिळत नाही! जो ‘येऊ का?’ असे विचारतो तो पाहुणा ठरतो, आणि पाहुण्याला केव्हाही निरोप देता येतो. जो न विचारता, न लपता, जणू वाट आपलीच आहे अशा सहजतेने चालतो, त्याच्या चालण्याला कायदा हक्क म्हणतो. आपल्या मराठीत ‘वहिवाट’ हा किती नेमका शब्द आहे! वाहती राहिली ती वाट आपली.

पुढे १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याच्या कौन्सिलवर पायवाटांचा निर्णायक नकाशा तयार करण्याची जबाबदारी टाकली. हे काम प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी पॅरिश कौन्सिलांनी, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामपंचायतींसारख्या संस्थांनी केले. गावातल्या माणसांनी वाटा पायी तुडवून त्यांची यादी केली. एकदा वाट या नकाशावर आली की ती आहे हे सिद्ध झाले. मालक बदलला, पीक बदलले, तरी वाट बदलत नाही. बदलायची तर रीतसर आदेश काढावा लागतो आणि लोकांना हरकत घेता येते. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटांची एकूण लांबी दोन लाख किलोमीटरहून अधिक आहे. वाटेवर पिवळा बाण असला की ती पादचाऱ्यांची, निळा असला की घोडेस्वार आणि सायकलवाल्यांचीही. कुंपण आडवे आले तर ते ओलांडायला लाकडी पायऱ्या किंवा एका वेळी एकच माणूस जाईल असे झुलते फाटक असते.

येथे एक रास्त आक्षेप येतो. शेतकऱ्याचे काय? त्याने घाम गाळून पीक उभे करावे आणि परक्यांनी ते तुडवावे काय? कोणी फाटक उघडे टाकतो, कोणाचा कुत्रा मेंढ्यांवर धावतो, ही नुकसानी कोणी सोसायची? मी शेतमजुराच्या घरातला असल्यामुळे हा आक्षेप हसण्यावारी नेणार नाही. परंतु तेथल्या कायद्याने दोन्ही बाजूंना बांधले आहे. पादचाऱ्याला फक्त जाण्याचा हक्क आहे. वाट सोडून पिकात शिरण्याचा, तंबू ठोकण्याचा नाही. शेतकऱ्याला मधून जाणारी पायवाट नांगरता येते, पण पेरणीसाठी प्रथम नांगरल्यापासून चौदा दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, आणि उभ्या पिकातून निदान एक मीटर वाट मोकळी ठेवावी लागते. दुभत्या जातीचा दहा महिन्यांहून मोठा वळू पायवाटेच्या शेतात मोकळा सोडता येत नाही. वाचताना हे नियम क्षुल्लक वाटतात. पण हक्क म्हणजे काही पोवाडा नव्हे. वळू किती महिन्यांचा आणि वाट किती हात, इतक्या बारकाव्यापर्यंत उतरतो तोच खरा हक्क.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्यांनी वाटा पाडल्या ते मजूर आज कॅम्पडनमध्ये आहेत कोठे? मधाच्या रंगाच्या दगडाची ती घरे आज सधन लोकांनाच परवडतात. गावचे रेल्वे स्टेशन १९६६ मध्ये बंद झाले. लोहमार्ग शेजारून जातो, पण गाडी थांबत नाही. तेव्हा स्वतःची मोटार असणारा तेथे सहज पोचतो, नसणाऱ्याला खटपट करावी लागते. मग हा हक्क म्हणजे रिकामपणाची चैन नव्हे काय? यात तथ्य आहे आणि ते मी नाकारीत नाही. पण वाटेचा गुण असा की, ती चालणाऱ्याला त्याचे काम विचारीत नाही. मजुराच्या पायांनी मिळालेला हक्क आज पर्यटकाला मिळाला म्हणून तो मजुराचा नाहीसा होत नाही. उद्या पुन्हा गरज पडेल तेव्हा वाट तेथेच असेल, मात्र मधल्या काळात कोणीतरी चालत राहिले पाहिजे. कॉट्सवोल्ड भागात १९६८ पासून स्वयंसेवक हेच करीत आले आहेत. ते वाटा चालून पाहतात, पायऱ्या दुरुस्त करतात, काटेरी झुडपे तोडतात.

या गावाने कष्टकऱ्यांना सामावून घेण्याचा एक प्रयत्नही पाहिला आहे आणि त्याचा धागा आपल्यापर्यंत येतो. १९०२ मध्ये सी. आर. ॲशबी या वास्तुविशारदाने लंडनच्या गरीब पूर्व भागातील कारागिरांचा संघ त्यांच्या बायकामुलांसह कॅम्पडनला आणला. चांदीकाम, लोहारकाम, सुतारकाम करणारी ही माणसे खेड्याच्या हवेत राहून काम करू लागली. १९०८ पर्यंत संघ आर्थिकदृष्ट्या बुडाला. पण काही कारागीर तेथेच राहिले. कॅम्पडनहून पायवाटेने सुमारे मैलभर अंतरावर ब्रॉड कॅम्पडन आहे. तेथले एक जुने नॉर्मन प्रार्थनामंदिर ॲशबीने राहण्याजोगे करून दिले ते आनंद कुमारस्वामी यांना. भारतीय कलेचा अभिमान पुढे जगासमोर मांडणाऱ्या या पंडिताने सिंहली कलेवरील आपला मोठा ग्रंथ १९०८ मध्ये तेथेच हातछापखान्यावर छापला. त्या मैलभराच्या वाटेने त्या काळी लंडनचे कारागीरही गेले असतील आणि सिलोनचा पंडितही. वाटेने दोघांनाही ‘तुम्ही कोण?’ असे विचारले नसेल.

हा हक्क पूर्ण झाला आहे असे मात्र नाही. रेघ सोडून मोकळ्या रानात फिरण्याचा हक्क २००० च्या कायद्याने दिला, पण तो डोंगर, माळ आणि नोंदलेली गायराने एवढ्यापुरता, म्हणजे इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के भूमीवर. शेजारच्या स्कॉटलंडने २००३ मध्ये बहुतेक सर्व भूमीवर असा हक्क दिला. शिवाय २००० च्या त्याच कायद्याने नकाशावर न आलेल्या जुन्या वाटा नोंदवण्याला २०२६ ची मुदत घातली होती. पुढे ती २०३१ पर्यंत वाढवली गेली, आणि मुदतच काढून टाकण्याचा आपला इरादा सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. मध्यंतरी पदयात्रींच्या संस्थांनी जुने नकाशे धुंडाळून हरवलेल्या वाटा शोधण्याची मोहीम चालवली. लोक इतिहासाच्या दप्तरखान्यात शिरले ते पदवीसाठी नव्हे, वाटेसाठी!

आपल्याकडे काय स्थिती आहे? इंग्रजांच्याच राज्यात १८८२ मध्ये झालेल्या वहिवाटीच्या कायद्यात आपल्यालाही तीच वीस वर्षे सांगितली आहेत. पण तो हक्क जमिनीला चिकटलेला आहे. ज्याच्या मालकीचे शेत, त्याला त्या शेताकडे जाण्याची वाट. १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ यांचाही रोख आपल्या शेतात जाऊ पाहणाऱ्या शेतकऱ्याकडे आहे. गावच्या नकाशातल्या रस्त्यांवरून कोणीही जाऊ शकतो हे खरे. परंतु नकाशात नसलेल्या, बांधावरून गेलेल्या वाटांचे काय? माझ्या आधी आमच्या घरातून कोणी महाविद्यालयात आले नाही आणि आमच्या घराला सातबाराही नाही. आई खुरपणीला जाते ती दुसऱ्यांच्या बांधांवरून. दोन मालकांचे भांडण झाले की बांधावर बाभळीचे काटे पडतात आणि भांडणाशी संबंध नसलेल्या बायकांना लांबचा फेरा पडतो. कोणाकडे दाद मागायची? तिच्याजवळ शेत नाही, म्हणून वाटही नाही. कॅम्पडनची वाट मला मोलाची वाटते ती याच कारणाने. तिच्यावर चालायला सातबारा लागत नाही.

तेव्हा शेवटी एक सूचना करतो. आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर खेड्यात भरते. आपण रस्त्यावर मुरूम टाकतो, समारोपाला भाषणे होतात आणि परत येतो. पुढच्या शिबिरात दोन दिवस निराळे काम करावे. भूमी अभिलेख कार्यालयातून गावचा नकाशा आणावा. गावातली म्हातारी माणसे, गुराखी आणि मजुरीला जाणाऱ्या बाया यांना पुढे घालून प्रत्येक पाणंद, प्रत्येक शिवरस्ता आणि प्रत्येक पायवाट चालून पाहावी. कोणती नकाशात आहे पण रानात नाही, कोणती रानात आहे पण नकाशात नाही, कोणती किती वर्षांपासून वापरात आहे, हे सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यावे. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला द्यावी, एक तहसीलदारांना आणि एक आपल्या ग्रंथालयात ठेवावी. यासाठी पैसा लागत नाही. वही, पेन्सिल आणि दोन पाय लागतात. इतिहासाच्या, भूगोलाच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी मिळून करावे असे हे काम आहे, आणि प्राध्यापकांनी मनावर घेतले तर याच हिवाळ्यात होण्यासारखे आहे.

— द्वितीय वर्ष, कला